जॉन ॲडम्सचं चरित्र: तुम्हाला कसं वाटलं?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हटलं की आपल्याकडे वॉशिंग्टन, लिंकन आणि मग थेट केनेडी. दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स कुणाच्या खिजगणतीतही नसतो. खुद्द अमेरिकेतही बरीच वर्षं तीच गत होती. २००१ साली डेव्हिड मॅकलॉ यांनी लिहिलेलं त्याचं चरित्र आलं, धो धो खपलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि २००८मध्ये एचबीओने त्यावर मालिका काढली. मॅकलॉ खरं तर ॲडम्स आणि त्याच्यानंतरचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन या दोघांवर मिळून लिहायला बसले होते. जेफरसनच्या झगमगाटात ॲडम्स झाकला जाईल अशी त्यांना धास्ती होती. झालं उलटंच, जेफरसन बाजूला पडला आणि अख्खं पुस्तक ॲडम्सने खाल्लं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. हे राष्ट्राध्यक्षाचं चरित्र कमी आणि एका नवराबायकोच्या टपालाचं पुस्तक जास्त आहे. जॉन आणि ॲबिगेल यांची अकराशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत. ती जिथे हाताशी आहेत तिथे पानावरून नजरच हटत नाही. दोघं एका छपराखाली आले की पत्रं थांबतात आणि पुस्तकही जरा सुस्तावतं.

पूर्ण वाचलेलं असो, अर्धवट टाकलेलं असो, नुसती मालिका पाहिलेली असो, लिहा.

नागपूर, वकील

मी पुस्तक उघडलं तेच बॉस्टनच्या खटल्यासाठी. ५ मार्च १७७०ला इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. गाव पेटलेलं, आणि आरोपींचं वकीलपत्र घेतलं ते स्वातंत्र्यवाद्यांच्याच गोटातल्या ३४ वर्षांच्या ॲडम्सने. कॅप्टन प्रेस्टन सुटला. नंतरच्या वेगळ्या खटल्यात आठ शिपायांपैकी सहा सुटले. दोघं सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं. मालिकेत दोन्ही खटले एकात कालवलेत, ते काही पटलं नाही.

या प्रकरणातला माझा आवडता तपशील म्हणजे क्विन्सी बंधू. जोसाया क्विन्सी कट्टर इंग्रजविरोधी, तो उभा शिपायांच्या बाजूने. त्याचा सख्खा भाऊ सॅम्युएल राजनिष्ठ, तो सरकारी वकील म्हणून शिपायांच्या विरोधात!

आपल्याला इथे रामशास्त्री आठवणारच. नारायणरावांचा खून १७७३चा, म्हणजे काळही तोच. पण रामशास्त्री न्यायाधीश होते. ज्याला उद्या त्याच गावात अशिलं मिळवायची आहेत त्याने असं वकीलपत्र घेणं मला व्यवसायाच्या दृष्टीने जास्त अवघड वाटतं.

कोल्हापूर, इतिहासाचा शिक्षक

वकीलसाहेब, ॲडम्सचं त्या खटल्यातलं समारोपाचं भाषण मुळातून वाचा. जमाव कसला होता हे सांगताना तो उनाड पोरं, काळे, आयरिश, खलाशी अशी यादी काढतो. मेलेल्यांपैकी क्रिस्पस ॲटक्सचं नुसतं रूप बघूनच कुणालाही धडकी भरली असती असं म्हणतो. बचाव कायदेशीर होता, मान्य. पण तो कशावर उभा राहिला तेही बघायला हवं.

मी ॲडम्सपाशी पोचलो तो फुल्यांच्या वाटेने. जोतीरावांवर ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिणाऱ्या थॉमस पेनचा प्रभाव, आणि १८७३ची ‘गुलामगिरी’ अर्पण केलीय ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना. पेनला पाण्यात पाहणारा माणूस म्हणून ॲडम्सबद्दल माझ्या मनात आधीपासूनच अढी होती. वाचून ती थोडी सैल झाली. त्याने स्वतः कधी गुलाम ठेवला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या १७८०च्या संविधानाचा मसुदा त्याचा, आणि सगळी माणसं जन्मतः मुक्त व समान आहेत या त्यातल्या कलमाच्या आधारे पुढच्या तीनेक वर्षांत तिथल्या कोर्टांनी गुलामीचा पायाच उखडला.

पण १७९८चा राजद्रोहाचा कायदा? राष्ट्राध्यक्ष किंवा काँग्रेसविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. या संरक्षणातून उपराष्ट्राध्यक्ष तेवढा वगळलेला, कारण त्या खुर्चीत विरोधी पक्षाचा जेफरसन बसला होता! व्हरमॉन्टचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेला आणि तिथूनच पुन्हा निवडून आला. मॅकलॉ हे सगळं सांगतात, पण फ्रान्सशी युद्धाची हवा होती, ॲडम्सने कायदा मागितला नव्हता, अशा गाद्या अंथरून. मागितला नसेल. सही कुणाची होती?

रत्नागिरी

माझे मिस्टर बोटीवर असतात. मला या पुस्तकात राजकारण नकोच होतं, मी ॲबिगेलसाठी वाचलं. १७७८ ते १७८४ या काळात मधले काही महिने सोडले तर नवरा युरोपात. शेती, मुलं, कर, मजूर सगळं हिच्या गळ्यात. नवरा तिकडून रुमाल, फिती, टाचण्या, कापड पाठवायचा आणि ही ते विकून घर चालवायची. युद्धाच्या गप्पांपेक्षा मला त्या टाचण्या पटल्या. घरखर्च कसा भागला हे कुणी सांगतच नाही एरवी.

तिची तक्रार एकच, पत्रं त्रोटक येतात. त्याचं म्हणणं, पत्र इंग्रजांच्या हाती लागलं तर छापून जगाला दाखवतील. कारण खरं असलं तरी ऐकणाऱ्या बाईचा जीव त्याने भरत नाही, हे मी अनुभवाने सांगते. व्हॉट्सॲपवर ‘ओके, रेंज नाही’ एवढंच आलं की मला ॲबिगेल आठवते.

नवे कायदे करताना बायकांना विसरू नका, असं तिने ३१ मार्च १७७६ला लिहिलं ते सगळ्यांना माहीत असतं. त्यावर याने काय उत्तर दिलं? मला हसू आलं, म्हणून! सर, तुमच्या राजद्रोहाच्या कायद्याइतकाच मला या हसण्याचा राग आहे.

ठाणे

मी हॉलंडच्या प्रकरणापाशी पुस्तक मिटलं. कर्ज, बँकर, मान्यतेचे अर्ज, पुन्हा कर्ज. कुणी पुढे जायचं एक कारण सांगा.

पुणे, निवृत्त बँक अधिकारी

ठाणेकर, तुम्ही नेमकं सोन्याचं पान सोडलंत! १७८०मध्ये हा माणूस ॲमस्टरडॅमला पोचतो तेव्हा त्याच्या देशाला तिथे कुणी देश मानत नाही. तारण काही नाही, भाषा येत नाही, मध्ये तापाने मरणाच्या दारात जाऊन आला. तरी एप्रिल १७८२मध्ये मान्यता आणि त्याच उन्हाळ्यात पाच टक्क्यांनी पन्नास लाख गिल्डरचं कर्ज. पत नसलेल्या अशिलाला कर्ज मंजूर करून घेणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. परत उघडा.

मिरज, सर्जन

मला झोपू दिलं नाही ते त्याच्या मुलीच्या प्रकरणाने. नॅबी, थोरली. स्तनाचा कर्करोग. डॉ. बेंजामिन रश यांनी पत्रातून सल्ला दिला: शस्त्रक्रिया, आणि लवकर. ऑक्टोबर १८११मध्ये आईवडिलांच्याच घरात बॉस्टनच्या डॉ. जॉन वॉरन यांनी स्तन काढला. भूल नावाची गोष्टच नव्हती. १८१३च्या उन्हाळ्यात रोग उलटला, तेव्हा ती न्यूयॉर्कहून शेकडो मैल खडखडत माहेरी आली आणि तिथेच गेली.

चरित्रकाराने हे थोडक्यात आणि संयमाने लिहिलंय, बरं केलं. आमच्या विद्यार्थ्यांना मी याची पुढची कडी सांगतो. १६ ऑक्टोबर १८४६ला बॉस्टनमध्ये इथरची भूल देऊन पहिली गाजलेली जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा सुरी होती जॉन कॉलिन्स वॉरन यांच्या हातात, म्हणजे याच डॉक्टरांच्या मुलाच्या. पस्तीस वर्षांचा फरक.

सातारा

पेशवाई वाचणाऱ्यांनी हे पुस्तक शेजारी तारखांची वही ठेवून वाचावं. तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटलं १७७५ला, आपलं पहिलं इंग्रज-मराठा युद्धही त्याच वर्षी सुरू. वडगावला इंग्रजांनी मान तुकवली ती जानेवारी १७७९मध्ये. सालबाईचा तह १७८२चा, पॅरिसचा १७८३चा. यॉर्कटाऊनला ज्याच्या फौजेने हत्यारं ठेवली तोच कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात हजर, आणि पुढे टिपूविरुद्ध मराठ्यांचा दोस्त! पुस्तकात यातलं काही शोधू नका. ॲडम्सला पुणं कुठे आहे हे ठाऊक असायचं कारणही नव्हतं.

बॉस्टनजवळून

आम्ही ॲडम्सच्या क्विन्सी गावाच्या शेजारीच राहतो. भारतातून आईबाबा आले की बॉस्टनचा बंदर भाग दाखवून झाला की रेड लाइनने त्यांना तिथे नेते. ॲडम्स जन्मला ते घर आणि त्याचा मुलगा जॉन क्विन्सी जन्मला ते घर, दोन्ही एकाच आवारात, हाकेच्या अंतरावर. दोन राष्ट्राध्यक्ष, आणि छत इतकं खाली की आमचे बाबा वाकूनच हिंडले. आईचं लक्ष चुलीवर. एवढ्या मोठ्या चुलाण्यापुढे लांब घागऱ्यात उभं राहायचं म्हणजे जीव मुठीत, असं म्हणाली.

गावातल्या दगडी चर्चच्या तळघरात बापलेक आणि त्यांच्या बायका अशा चार दगडी शवपेट्या आहेत. ॲडम्स आणि जेफरसन दोघंही ४ जुलै १८२६ला, स्वातंत्र्याच्या घोषणेला बरोब्बर ५० वर्षं झाली त्या दिवशी गेले, हे गाइड रंगवून सांगतो. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने काट मारली असती.

धागा काढणारा

सर, सहीचा मुद्दा मान्य. मॅकलॉ नायकाच्या प्रेमात आहेत, आणि लायनवर आणखी दहा पानं खर्च केली असती तर काही बिघडलं नसतं. रत्नागिरीच्या ताई, त्या हसण्यावर ॲबिगेलनेही गप्प बसून घेतलं नव्हतं, मे महिन्यातलं तिचं उत्तर वाचा. ज्यांना साडेसहाशे पानं झेपणार नाहीत त्यांच्यासाठी: मूळ पत्रं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ऑनलाइन फुकट ठेवलीत, हस्ताक्षराची छायाचित्रं आणि शेजारी टंकलेला मजकूर. ॲबिगेल शाळेत गेलेली नव्हती, स्पेलिंग तिला वाटेल तसं. मोठ्याने वाचलं की लागतं. सुरुवात ३ जुलै १७७६पासून करा. त्यात पुढच्या पिढ्या २ जुलैला (४ला नव्हे!) रोषणाई करतील, असं ॲडम्स छातीठोकपणे सांगतो.