पुन्हा पुन्हा दगडी, रिपोर्टमध्ये चार औषधं 'आर': आता कोणतं इंजेक्शन?

बोरीकाठ, पारोळा

राम राम मंडळी. एच.एफ. संकरित गाय, दुसरं वेत, विऊन चार-साडेचार महिने झाले. मागच्या उजव्या सडाला दगडी (कासदाह) येते. इंजेक्शन दिलं की दूध निवळतं, थोडे दिवस बरे जातात, की पुन्हा गुठळ्या. गावात येणारे डॉक्टर दरवेळी औषध बदलतात. आधी एन्रोफ्लॉक्सासिन, मग सेफ्ट्रायॅक्सोन. या वेळी मी हट्टाने, इंजेक्शनच्या आधी, दूध तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आला: स्टॅफिलोकोकस ऑरियस. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एन्रोफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन, चौघांपुढे 'आर', म्हणजे चालत नाही. सेफ्ट्रायॅक्सोन 'आय', म्हणजे अधलंमधलं. एकट्या जेंटामायसिनपुढे 'एस', म्हणजे चालतं. मेडिकलवाला म्हणतो, जेंटा कशाला, त्याहून भारी आलंय, ते टोचा. आबा म्हणतात कोरफड-हळद लाव. गाय खातेपिते, ताप नाही. सरकी ढेपेचा भाव बघता एक सड गेला तर परवडायचं नाही. काय करू?

तापीकाठचा, शिरपूर

भाऊ, मनी म्हैसले बी असंच व्हयनं व्हतं. आबांचं ऐका. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून दिवसातून आठ-दहा वेळा कासेला लावायचं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळसुद्धा हेच सांगतं. आमच्या म्हशीची सूज उतरली.

ढोरांची डॉक्टरीण, चोपडा

रिपोर्ट काढलात हे फार बरं केलंत. माझ्याकडे बहुतेक जण रिकाम्या बाटल्या घेऊन येतात आणि विचारतात, आता यातलं कोणतं राहिलं?

पण 'एस' दिसला म्हणून जेंटा टोचायची घाई नको. 'एस'चा अर्थ एवढाच, की प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्या औषधाच्या चकतीभोवती जंतू वाढला नाही. मानेत टोचलेलं जेंटामायसिन कासेत फारसं उतरत नाही, आणि मूत्रपिंडात मात्र महिनोन्महिने रेंगाळतं. त्यातून ऑरियस हा लपून बसणारा जंतू. कासेत बारीक गळवं करतो, त्यांच्याभोवती कडक आवरण धरतं, काही जंतू तर थेट पेशींत शिरतात. तुमच्या गाईचं दूध निवळतं पण दगडी जात नाही, ती यामुळे.

पेनिसिलिनला 'आर' म्हणजे हा जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर तयार करून औषधच फोडतो. असे ऑरियस बाकीच्या औषधांनाही कमीच दाद देतात, हा अनुभव जगभरचा आहे. कपाशीवाल्यांना यात नवं काही नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने अळी मारणाऱ्या बीटी कपाशीला कसं धाब्यावर बसवलं ते आपण पाहिलंय: मरणाऱ्या मेल्या, पचवणाऱ्या उरल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली. मात्र हा जंतू तुमच्याच गोठ्यात घडला असं समजू नका. बाजारातून आणलेल्या गाईच्या कासेतूनही तो येतो.

मेडिकलवाल्याचं 'भारी' म्हणजे बहुधा सेफ्ट्रायॅक्सोन-टॅझोबॅक्टम. सेफ्ट्रायॅक्सोन माणसांच्या दवाखान्यात मेंदूज्वराला, न्यूमोनियाला देतात. ज्याच्यापुढे 'आय' आलाय तेच पुन्हा महाग करून घ्यायचं कशाला? आणि कुणी कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक सुचवलं तर सरळ नाही म्हणा. दुधा-मांसाच्या जनावरांना ते द्यायला २०१९ पासून बंदी आहे.

आता काम. आज संध्याकाळी धार पूर्ण काढून झाली की त्या सडावरचा कासेचा भाग बोटांनी खोलवर चाचपा. रिकामी कास मऊ लागते. आत सुपारीएवढी घट्ट गाठ लागली तर त्या सडावर आणखी पैसा घालू नका. बाकीचे तीन सडही तपासा. कपड्यांच्या पावडरीचं ३ टक्के पाणी करा, त्यात तेवढंच दूध घालून गोल फिरवा. चिकट, घट्ट झालं तर तिथेही दगडी शिरली आहे. ही गाय सगळ्यात शेवटी पिळा. ऑरियस एका गाईकडून दुसरीकडे जातो तो हाताने आणि त्या एकाच फडक्याने, जे आपण चारही गाईंना फिरवतो.

कोरफड-हळद लावा, सूज कमी होईल. धारेआधी कास धुऊन घ्या. पण लपलेला ऑरियस त्याने निघेल या भरवशावर बसू नका. शिरपूरच्या दादांच्या म्हशीला कोणता जंतू होता हे कुणी तपासलेलं नाही.

बोरीकाठ, पारोळा

ताई, गाठ लागली. सुपारीपेक्षा मोठीच आहे. बाकी तिन्ही सड चांगले. आता या सडाचं दूध वासराला पाजू का? फेकायला जीव होत नाही. आणि मागचं सेफ्ट्रायॅक्सोन संपून चार दिवस झाले, बाकी तीन सडांचं दूध डेअरीला चालेल ना?

संकलनवाला, एरंडोल

घालू नका. आमच्या केंद्रावर पट्टी लावून बघतात. एका कॅनमध्ये औषध निघालं तर सगळ्यांचं दूध परत. आणि घरी विरजण लागत नसेल तर आधी इंजेक्शन आठवा, मग विरजणाला दोष द्या.

ढोरांची डॉक्टरीण, चोपडा

संकलनवाले बरोबर बोलले. इंजेक्शन एका पायाशी टोचा की मानेत, औषधाचा थोडाफार अंश चारही सडांत उतरतोच. बाटलीवर दुधाची मुदत छापलेली असेल तर ती पाळा, नसेल तर कायद्याने निदान ७ दिवस. उकळून औषध जात नाही. वासराला तर मुळीच नको, त्याच्या पोटात तेच 'आर'वाले जंतू पोसले जातात.

तो सड आता कायमचा आटवा: पिळणं पूर्ण बंद, इंजेक्शन नाही. पहिले काही दिवस फुगेल, तेवढ्यावरून हात लावू नका. लाल झाला, ताप आला किंवा गाईने खाणं सोडलं तर मात्र १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. तीन सडांवर गाय चालते. बाकीच्या सडांना प्रत्येक धारेनंतर पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तोवर उघडं असतं. पुढे गाय आटवाल तेव्हा त्या तिघांत आटवणीची औषधाची ट्यूब सोडायची की नाही ते दूध पुन्हा तपासून ठरवू. सोडायची झाली तर सडाचं टोक स्पिरिटने पुसून नळी जेमतेम तीन-चार मिलीमीटर आत घाला, पूर्ण खुपसू नका.