आईचं क्रिएटिनिन तेवढंच, मग पोटॅशियम ५.८ कसं?

मीनल_सातारा: आई ६४ वर्षांची, डायबेटिस जुना, किडनीचा त्रास चार वर्षं झाला. कालच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) २.१ म्हणजे मागच्या वेळेएवढंच, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २६, पण पोटॅशियम ५.१ वरून ५.८, बायकार्बोनेट (रक्तातलं ॲसिड मारणारं) १८, फॉस्फरस ४.९ आणि हिमोग्लोबिन ९.४. क्रिएटिनिन वाढलं नाही तर बाकीचं का बिघडतंय? आमच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारची आहे, तोवर थांबू का?

लॅबवाली_ताई: सोमवारपर्यंत थांबू नकोस गं, आजच फोन करून ५.८ चा आकडा सांग, ते ईसीजी आणि परत टेस्ट करायला सांगतील. रक्त घेताना दंडाला पट्टा खूप वेळ बांधला, मूठ सारखी उघड-बंद करायला लावली किंवा नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं जास्त येतं, रोज बघते मी हे. पण ते गृहीत धरून गप्प बसायचं नाही, कारण खरंच वाढलेलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

बाबांचा_मुलगा: बाबांचं सहा वर्षं डायलिसिस चालू आहे म्हणून विचारतो, घरात मीठ बदललंय का? बीपीसाठी चांगलं म्हणून लो-सोडियम मीठ आणतात, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, किडनीवाल्याला ते नकोच. शहाळं पण बंद. बटाटा, पालक चिरून भिजवायचा, भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, आमटीत वापरायचं नाही.

नेफ्रो_वॉर्ड_सिस्टर: क्रिएटिनिन हा एकच आकडा आहे हो, किडनीची कामं बरीच. ॲसिड बाहेर टाकणं कमी झालं की बायकार्बोनेट उतरतं, आणि रक्तात ॲसिड साठलं की पोटॅशियम पेशींतून रक्तात येतं, म्हणून तुमचे १८ आणि ५.८ हे दोन्ही आकडे एकत्र दाखवा, बऱ्याच जणांना त्यासाठी सोडाबायकार्बच्या गोळ्या देतात. हिमोग्लोबिन उतरतं कारण रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं, तरी आयर्न तपासून घ्याच. फॉस्फरस साठला की पॅराथायरॉईड हार्मोन वाढतं आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, तेव्हा त्याची पीटीएच टेस्ट केलीय का ते विचारा. बीपीला टेल्मिसार्टन चालू असेल तर त्यानेही पोटॅशियम वाढतं, पण ती किडनी जपणारी गोळी आहे, मनाने बंद करू नका. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलर घेतात का तेही सांगा डॉक्टरांना.

मीनल_सातारा: फोन केला, लगेच बोलावलं. ईसीजी नॉर्मल आला देवाच्या कृपेने, रिपीट पोटॅशियम ५.६ म्हणजे खरंच वाढलेलं होतं. आणि दादा, मीठ तेच निघालं, दोन महिन्यांपूर्वी मीच आणलं होतं आईचं बीपी वाढतंय म्हणून, टेल्मिसार्टन चालू आहेच. आज साधं मीठ आणलं पण तेही अगदी मोजून घालायचंय, सोडाबायकार्ब सुरू केलंय, शुक्रवारी परत टेस्ट. पालकाची ताकातली भाजी आईला फार आवडते, तो उकडून पाणी ओतून दिलं तर चालेल का तेवढं सांगा कुणीतरी.

बाबांचा_मुलगा: शुक्रवारचा रिपोर्ट येईपर्यंत नको, मग आहारतज्ज्ञांना विचारून अर्धी वाटी. तोवर दुधीची करून द्या.