रॉय कीन सायपानमध्ये चुकला का?

उजवाविंगर

२३ मे २००२. जपान-कोरियातला फुटबॉल विश्वचषक आठ दिवसांवर आलेला आणि आयर्लंडचा कर्णधार रॉय कीन संघाबाहेर. पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर संघ सरावाला उतरला होता, तिथे मॅनेजर मिक मॅकार्थीशी त्याचं कडाक्याचं वाजलं आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. आजही या माणसाच्या कारकिर्दीचा विषय निघाला की गाडी सायपानवर येऊन अडते. बहुतेक जण 'संघ सोडून गेलेला कप्तान' म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही.

तिथली अवस्था बघा. मैदान दगडासारखं. चेंडू आणि सरावाचं सामान वेळेवर पोचलेलंच नाही. सरावसामन्याला गोलकीपर नाहीत, कारण ते दमलेत. विश्वचषकाला निघालेला संघ आहे हा! कीनने हे मॅकार्थीला तोंडावर सांगितलं, नंतर 'आयरिश टाइम्स'च्या मुलाखतीतही सांगितलं. मॅकार्थीने ती मुलाखत हातात धरून अख्ख्या संघासमोर त्याला जाब विचारला. मग स्फोट होणारच.

आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या मेफील्ड वस्तीतला हा पोरगा. चण लहान म्हणून इंग्लिश क्लबांनी विचारलंही नव्हतं. कोव्ह रॅम्बलर्स या छोट्या आयरिश क्लबकडून खेळताना इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९९० मध्ये ४७ हजार पौंडांत नेला. तीनच वर्षांत मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी साडेसदतीस लाख मोजले, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. तिथे सात वेळा लीग जिंकली. हे सगळं त्याने 'चालतंय की' म्हणत मिळवलेलं नाही. मग देशाच्या संघात ते का चालवून घ्यावं?

रंकाळा

टणक मैदानाचं आम्हाला नका सांगू. कोल्हापुरात तालमीच्या संघातून बारा वर्षं खेळलोय, एप्रिल-मेच्या उन्हात गुडघे सोलून घेतलेत. तक्रार आम्हीही केली, पण कप्तानाने मॅचच्या तोंडावर पेठ सोडून जायचं? गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं.

तक्रार खरी होती, मान्य. पण कप्तानाची तक्रार पेपरात छापून आली की ती तक्रार राहत नाही, मॅनेजरला आव्हान होतं. आणि त्या बैठकीत तो जे बोलला, ते ऐकल्यावर मॅकार्थीला दुसरा मार्ग उरला नव्हता. उरलेली २२ पोरं काय करणार होती? हो, २२च. बदली खेळाडू घ्यायची मुदत टळून गेली होती, कॉलिन हीलीला फिफाने येऊ दिलं नाही.

उजवाविंगर

रंकाळा, ही पोरं विश्वचषकाला पोचली कोणामुळे? पात्रता फेरीत पोर्तुगाल आणि हॉलंड आयर्लंडच्याच गटात होते. १ सप्टेंबर २००१, डब्लिनचं लॅन्सडाउन रोड मैदान, हॉलंडविरुद्ध. पहिल्याच मिनिटात कीनने ओव्हरमार्सला असा टॅकल घातला की सामना कोणाचा ते तिथेच कळलं. पुढे गॅरी केलीला रेड कार्ड मिळालं, दहा जणांनी खेळून मॅकअटीरच्या गोलवर १-० जिंकले. हॉलंड विश्वचषकाला गेलंच नाही!

स्वतःपुरतं बघणारा माणूस म्हणतात ना त्याला? मग तुरिनची रात्र आठवा. एप्रिल १९९९, चँपियन्स लीगची उपांत्य फेरी. युव्हेंटस २-० पुढे. कीनने हेडरने पहिला गोल परत केला. थोड्याच वेळात यलो कार्ड, म्हणजे बंदी येऊन अंतिम सामना बुडाला, हे त्याला त्याच क्षणी माहीत होतं. त्यानंतर तो आणखी जीव तोडून खेळला. युनायटेड ३-२ जिंकलं. अंतिम सामन्यात बाकीच्यांनी चषक उचलला, हा कोट घालून बघत होता.

शब्दाली

मी गेली चौदा वर्षं कॉर्कमध्ये राहते, म्हणून थोडं लिहिते. इथे हा विषय अजून थंड झालेला नाही. माझ्या ऑफिसात दोघं सख्खे भाऊ आहेत, एक कीनवाला, एक मॅकार्थीवाला, आणि जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही असं त्यांच्या आईने ठरवून टाकलंय.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. स्पर्धेनंतर आयरिश फुटबॉल संघटनेने जेनेसिस नावाच्या सल्लागार संस्थेकडून चौकशी करून घेतली. नियोजन ढिसाळ होतं हेच त्या अहवालात निघालं. सरचिटणीस ब्रेंडन मेंटन यांना पद सोडावं लागलं. त्याच नोव्हेंबरात मॅकार्थीही गेले. म्हणजे कीन बोलला ते खरं होतं, हे कागदावर आलेलं आहे.

रंकाळा

शब्दालीताई, माहितीबद्दल आभार. पण अहवाल सामानाबद्दल आहे. माझा मुद्दा माणसांबद्दलचा आहे.

त्या २२ जणांनी काय केलं ते कोणी बोलतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. कॅमेरूनशी बरोबरी. जर्मनीशी सामना हातातून गेलेला, आणि भरपाईच्या वेळेत रॉबी कीनचा (रॉयचा नातलग नव्हे) गोल. त्या जर्मनीने अंतिम सामन्यापर्यंत दुसरा गोल खाल्ला नाही. जर्मनीविरुद्धचा तो सामना स्टीव्ह स्टाँटनचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, कप्तानीही त्याच्याकडेच आलेली. मग सौदीला ३-०. बाद फेरीत स्पेनविरुद्ध सुवोनमध्ये शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर १-१, आणि शूटआउटमध्ये ३-२ ने हरले. जादा वेळेत स्पेनचा एक जण जखमी होऊन बाहेर, ते दहाच जण उरलेले. त्या अर्ध्या तासात मिडफिल्डला रॉय कीन हवा होता. तो घरी होता. बाकी सगळं सोडा, मला तेवढं बोचतं. २००६ पासून २०२२ पर्यंत पाच विश्वचषक झाले, आयर्लंड एकालाही नव्हतं.

उजवाविंगर

तो अर्धा तास मलाही बोचतो. पण त्याला घरी पाठवणारा कोण होता? २००४ मध्ये नवे मॅनेजर ब्रायन कर यांच्या काळात तो परत आलाच की देशासाठी. देशाच्या संघाचा राग असता तर आला नसता.

रंकाळा

दारं लावून दोघांनी बोलायला हवं होतं. ती बैठक सगळ्यांसमोर घेतली ही मॅकार्थीची चूक, एवढं देतो तुम्हाला. पण माफी मागितली असती तर विमान उलटं फिरलं असतं, आणि ती मागायची कीनने होती.