मेलमन ३: ‘सूचना’ लिस्टवर फक्त तिघांनाच लिहिता यावं, पण उलटंच होतंय

खिडकी_बारा:
संस्थेच्या दोन ईमेल लिस्ट मेलमन ३ (मेलिंग लिस्ट चालवणारं सॉफ्टवेअर) वर आहेत, ‘सूचना’ आणि ‘चर्चा’. कारभार पोस्टोरियसमधून, म्हणजे मेलमनच्या वेब पानांवरून. ‘सूचना’वर अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांनीच लिहायचंय. सदस्य नसलेल्यांसाठीची डिफॉल्ट अ‍ॅक्शन ‘रिजेक्ट’ केली, तरी बाहेरच्या दोन पत्त्यांवरून आलेले मेल थेट सगळ्यांना जातात. उलट चिटणिसांचा सभेची पीडीएफ जोडलेला मेल ‘हेल्ड मेसेजेस’मध्ये (मंजुरीसाठी अडवलेल्या मेलमध्ये) पडून राहतो. सबस्क्रिप्शन पॉलिसी (सदस्य होण्याचा नियम) ‘ओपन’ आहे, तीही बदलू का?

टपालपेटी:
आधी ते दोन पत्ते. बाहेरच्या माणसाने लिस्टवर मेल टाकला की मेलमन त्याची ‘नॉन-मेंबर’ म्हणून नोंद करतो. कधीतरी अडकलेला मेल सोडताना कुणीतरी त्या नोंदीवर ‘अ‍ॅक्सेप्ट’ लावून ठेवलं असणार. व्यक्तीवर लावलेली अ‍ॅक्शन लिस्टच्या डिफॉल्टला भारी पडते, त्यामुळे नंतर डिफॉल्ट कितीही बदला, त्यांना फरक पडत नाही. ‘युजर्स’मध्ये नॉन-मेंबर्सची यादी उघडा, दोघांचं मॉडरेशन ‘लिस्ट डिफॉल्ट’वर आणा. लिस्टच्या सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅक्सेप्ट दीज नॉन-मेंबर्स’ या चौकटीतही डोकावा. जुन्या मेलमन २ वरून लिस्ट आणली असेल तर तिथे काहीतरी उरलेलं असू शकतं.

आता तिघांचं. ‘मेसेज अ‍ॅक्सेप्टन्स’मध्ये सदस्यांसाठीची डिफॉल्ट अ‍ॅक्शन ‘रिजेक्ट’ ठेवा. ‘डिस्कार्ड’ नको, मेल गुपचूप कचऱ्यात जातो आणि लोक विचारत बसतात. मग त्या तिघांच्या मेंबर ऑप्शन्समध्ये जाऊन मॉडरेशन ‘डिफॉल्ट प्रोसेसिंग’ करा, म्हणजे बाकीच्या नेहमीच्या तपासण्या होऊन त्यांचा मेल जाईल. तिघंही लिस्टचे सदस्य हवेत. नुसतं ओनर केलं म्हणजे लिहिण्याची मुभा मिळाली असं नाही. ते घरच्या पत्त्यावरूनही पाठवत असतील तर तोही सदस्य करा आणि त्यावरची डिलिव्हरी बंद ठेवा, म्हणजे प्रती दोन-दोन येणार नाहीत.

बोरूबहाद्दर:
पीडीएफचं कारण बहुतेक आकार. मेलची कमाल मर्यादा मुळात ४० केबी असते आणि जोडलेली फाइल एन्कोड होताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे ३० केबीची पीडीएफसुद्धा अडकते. ‘मॅक्सिमम मेसेज साइझ’ वाढवा. ० टाकलं तर मर्यादाच राहत नाही, पण ते करू नका. यावर ‘अ‍ॅक्सेप्ट इमिजिएटली’ हा उपाय कुणी सुचवेल. त्याने पुढच्या सगळ्याच तपासण्या टळतात, आकाराचीही. लिस्टचा पत्ता बीसीसीत टाकला तरी मेल अडकतो, तेव्हा कारण ‘इम्प्लिसिट डेस्टिनेशन’ दिसतं. हेल्ड मेसेज उघडून कारण वाचा, अंदाज बांधत बसू नका.

‘ओपन’ आजच बदला. मेलमनने आधीच पडताळलेला दुसऱ्याचा पत्ता टाकून कुणीही त्याला न विचारता सदस्य करू शकतं. ‘चर्चा’ला ‘कन्फर्म’ पुरे, ‘सूचना’ला ‘कन्फर्म देन मॉडरेट’, म्हणजे आधी मेलवरून पुष्टी, मग तुमची मंजुरी. नुसतं ‘मॉडरेट’ ठेवलं तर आधीच पडताळलेल्या पत्त्याची मागणी खरंच त्याच माणसाने केली का, हे तुम्हाला कळणार नाही. एकगठ्ठा सदस्य भरताना मात्र प्री-कन्फर्म्ड (पुष्टी झालेली) आणि प्री-अप्रूव्ह्ड (मंजुरी मिळालेली) या खुणा बघून करा, नाहीतर सगळे पुष्टीच्या किंवा मंजुरीच्या रांगेत लागतील.

खिडकी_बारा:
मर्यादा वाढवल्यावर पीडीएफ गेली, नॉन-मेंबर नोंदींत दोन्ही पत्त्यांवर ‘अ‍ॅक्सेप्ट’च होतं. पण अध्यक्षांच्या नावाने कुणी खोटा मेल पाठवला तर?

टपालपेटी:
जाईल. मेलमन पाठवणाऱ्याचा पत्ता हेडरवरून ओळखतो आणि तो कुणालाही बनवता येतो. तेवढी भीती असेल तर तिघांचंही मॉडरेशन ‘होल्ड’ करा आणि मेलच्या पहिल्याच ओळीत ‘Approved’ हा इंग्रजी शब्द, अपूर्णविराम (:) आणि मॉडरेटर पासवर्ड लिहायला सांगा. वाटप होण्याआधी ती ओळ काढली जाते. मेल साध्या मजकुरात पाठवा, एचटीएमएल प्रतीत पासवर्ड उरण्याचा धोका असतो. हा पासवर्ड मेलमन शेलमधून (सर्व्हरवर कमांड टाइप करायच्या खिडकीतून) देता येतो. तो तिथल्या पासवर्ड कॉन्टेक्स्टने एन्क्रिप्ट करून द्या आणि शेवटी कमिट (बदल जतन करणारी कमांड) चालवा. कमिट राहिलं तर शेल काही बोलत नाही, पासवर्ड मात्र बदललेला नसतो.