उत्तर: जॉर्डन की पिपेन?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या शिकागो बुल्स संघाला मायकेल जॉर्डन जास्त मोलाचा की त्याचा साथीदार स्कॉटी पिपेन, हा वाद. 'जॉर्डन गेला तरी बुल्स मोसमातल्या ५७ विजयांवरून फक्त दोनने घसरून ५५ वर आले, मग जास्त मोलाचा पिपेनच' असं एकाने लिहिलंय. आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच. जॉर्डनविना खेळलेल्या त्या १९९३-९४ च्या मोसमात टोनी कुकोच हा चांगला खेळाडू नवा आला होता आणि आधीचा भरवशाचा होरेस ग्रँट होताच. पुढच्या मोसमात ग्रँट ऑरलँडोच्या संघात गेला, पिपेन मात्र बुल्समध्येच होता. तरी मार्च १९९५ मध्ये जॉर्डन परतेपर्यंत बुल्सचे विजय ३४ आणि पराभव ३१. तो आल्यावर १७ पैकी १३ जिंकले!

म्हणून माझं मत जॉर्डनलाच. पण पिपेनला 'मदतनीस' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं: १९९३-९४ मध्ये तो १० सामने बाहेर होता, त्यातले बुल्सने ४च जिंकले.

आमच्या रत्नागिरीच्या टीममध्ये असाच एक होता. बास्केट फारसे करायचा नाही, पण त्याची एसटी चुकली की समोरचे थेट रिंगखाली! (आता कोर्टावर शेवाळ धरलंय, त्यामुळे गणपतीपर्यंत नुसत्या गजालीच.)