विंडोज-लिनक्स, पायथन-सी: ये-जा करावी की एकाच ठिकाणी ठाण मांडावं?

अर्धविराम: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, ड्युअल बूट (सुरू करताना दोन्हींतली एक निवडायची). पायथन बऱ्यापैकी येतं, आता सी सुरू केलंय. ओएस बदलली की घड्याळ चुकतं, हात न लावलेल्या फायली गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) बदललेल्या दिसतात, विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) लिनक्सवर चालत नाही. कोड दोन्हींकडून दिसणाऱ्या एनटीएफएस (विंडोजची फायली साठवण्याची पद्धत) पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एका भागावर आहे. सगळं सोडून एकच ओएस, एकच भाषा धरावी का?

रिकामीओळ: एवढ्यासाठी ओएस सोडू नका. घड्याळाचं कारण सोपं आहे: मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगचा साठा) टाइमझोन-इन्फर्मेशन या कीखाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही डीवर्ड (३२-बिट संख्या) नोंद करून किंमत १ द्या.

स्क्रिप्ट अडते ती ओळीच्या शेवटामुळे. विंडोजवरचे बरेच एडिटर तिथे सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) अशी दोन अक्षरं टाकतात, लिनक्सला फक्त एलएफ हवं असतं. पहिल्या ओळीतल्या बॅश या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाला न दिसणारा सीआर चिकटतो आणि त्या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही. रेपोच्या (गिट सांभाळत असलेला कोडचा फोल्डर) मुळाशी गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल ठेवून सगळ्या मजकूर फायलींना 'ईओएल=एलएफ' लावा, मग एकदा गिट अ‍ॅडला रीनॉर्मलाइझ पर्याय देऊन कमिट करा (बदल नोंदवा). ओळीचे शेवट आपोआप बदलणाऱ्या गिटच्या ऑटोसीआरएलएफ सेटिंगवर विसंबू नका, ते प्रत्येक मशीनवर वेगळं असतं.

कर्नलकाका: गिट डिफमध्ये (गिट दाखवतं त्या फरकात) फक्त 'जुना मोड १००६४४, नवा १००७५५' दिसतंय का? मग दोष ओळींचा नाही, फाइलच्या परवानगीचा आहे. लिनक्स एनटीएफएसवरच्या सगळ्याच फायली बहुधा एक्झिक्युटेबल (प्रोग्रॅमसारख्या चालवता येणाऱ्या) दाखवतं. त्या रेपोत गिटचं कोअर-फाइलमोड सेटिंग फॉल्स करा.

आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धं हायबरनेशनच (चालू स्थिती डिस्कवर जपून बंद होणं). पार्टिशन अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्स ते फक्त वाचण्यापुरतं माउंट करतं (जोडून घेतं), किंवा करतच नाही. खरं तर कोड दोन्हींकडे वेगळा क्लोन करावा (गिटने वेगळी प्रत घ्यावी), पुश-पुल करावं (बदल पाठवावे, आणावे). पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरत्या लायब्रऱ्यांचा फोल्डर) तर सामायिक ठेवूच नका, दोन्हींकडची रचनाच वेगळी.

शून्यापासून: ओएसचा घोळ निदान एरर देऊन सांगतो. भाषेचा घोळ गप्प राहून चुकीचं उत्तर देतो. वर्तुळाकार अ‍ॅरेत (शेवटानंतर पुन्हा सुरुवात येणारी यादी) क हा सध्याच्या घराचा क्रमांक आणि 'न' ही घरांची संख्या धरा. एक घर मागे जायला पायथनमध्ये '(क-१) % न' हे सूत्र (% म्हणजे भागाकाराची बाकी) बरोबर चालतं, कारण क शून्य असेल तर उत्तर न-१ येतं. सीमध्ये तेच -१ येतं आणि तुम्ही अ‍ॅरेच्या बाहेर वाचता. तिथे (क-१+न) % न लिहा.

दुसरं, सीमधला 'लाँग' हा पूर्णांकाचा प्रकार ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, विंडोजवर ४ बाइटचा. आकार महत्त्वाचा असेल तर एसटीडीइंट हेडरमधले ठरावीक आकाराचे प्रकार वापरा. सी हातात बसेपर्यंत तिसरी भाषा नको. ओएस दोन राहू द्या, उलट लाँगसारखे दोष दोन्हींकडे कंपाइल करून चालवल्यावर लवकर सापडतात.

अर्धविराम: डिफमध्ये फक्त मोडच बदललेला होता. फाइलमोड फॉल्स केल्यावर यादी रिकामी झाली. आता क्लोन वेगळे करतो.