नाकात फिलर घ्यावं का? तेही लग्नाच्या तोंडावर?

ऋतुजा_सातारा :
मावसबहिणीचं लग्न ठरलंय, अडीच महिने राहिलेत आणि बाईसाहेबांनी नाकात फिलर, म्हणजे आकार बदलायला टोचतात ते जेल, घ्यायचं मनावर घेतलंय. नाकावर मधोमध जरासा उंचवटा आहे, साइडने फोटो काढला की तिला तो दिसतो, आम्हाला आजवर कुणाला दिसला नव्हता. क्लिनिकमधे सांगितलं की ऑपरेशन नाही, टाके नाहीत, अर्ध्या तासाचं काम, हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं, वर्षभर टिकेल, आणि नाही आवडलं तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवून टाकू. खर्च ३० हजार. मावशी म्हणते चिरफाड थोडीच आहे, करू दे तिला. माझं मत विचाराल तर ओठ, गाल काय ते कर पण नाक सोड, आणि ते 'विरघळवून टाकू' मला अजिबात पटत नाहीये. उलट बाजू पण ऐकायचीय, म्हणून विचारतेय.

निमा_डोंबिवली :
मी घेतलंय आणि परत घेणार. क्रीम लावून नाक बधिर केलं, मग दोन डोळ्यांच्या मधे जिथे नाक सुरू होतं तिथे थोडं आणि शेंड्यापाशी थोडं, उंचवट्याला हातच लावला नाही. डॉक्टर दोन बोटांत नाक धरून जेल दाबून दाबून बसवत होते आणि मधेच आरसा हातात देत होते. वरचा खड्डा भरला की उंचवटा लपतो, एवढंच त्यातलं गणित, नाक काही लहान होत नाही, खरं तर कणभर मोठंच होतं पण रेषा सरळ दिसते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, कुणाला कळलं पण नाही. दातांना तारा लावल्या, केस सरळ केले तर कुणी काही म्हणत नाही, नाकाचं नाव काढलं की सगळ्यांचं नाक मुरडलंच!

खवचट_खानदेशी :
नाक सरळ झाल्यावर सासूपण सरळ होते का, तेवढं क्लिनिकला विचारून घ्या.

त्वचेचा_डॉक्टर :
मी डर्मॅटॉलॉजिस्ट आहे. फिलर देतो, नाकात देत नाही. का ते सांगतो. नाकाच्या दोन्ही अंगांनी ज्या बारीक धमन्या येतात त्यांचा थेट संबंध डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी आहे, नाकावरची एक तर तिचीच फांदी. सुईचं टोक चुकून रक्तवाहिनीत असेल आणि त्यात दाबाने जेल गेलं तर ते उलटं मागे सरकतं आणि दाब सोडला की रक्ताबरोबर रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) धमनीत जाऊन बसतं. रेटिना रक्ताशिवाय तास-दीड तासापलीकडे तग धरत नाही. डोळा वाचला तरी नाकाच्या कातडीचा रक्तपुरवठा अडकू शकतो, आधी एकदम पांढरी पडते, मग जांभळट जाळी उठते, आणि वेळेत काही केलं नाही तर शेंड्याची कातडी काळी पडून गळून जाते, व्रण कायमचा.
आता ते 'विरघळवून टाकू'. औषध खरं आहे, हायलुरॉनिडेज, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भूल देताना डोळ्याचे डॉक्टर वापरतात तेच. नाकाचा आकार आवडला नाही तर त्याने जेल विरघळतं, अगदी कबूल. पण रेटिनाच्या धमनीत गेलेलं जेल त्याने वेळेत मोकळं होईल आणि नजर परत येईल याचा भरवसा नाही. क्लिनिकवाले पहिल्या गोष्टीची हमी दुसरीलाही चिकटवून विकतात. आणि कॅल्शियमवालं फिलर असेल तर ते यानेही विरघळत नाही.

निमा_डोंबिवली :
डॉक्टर, घाबरवणं सोपं आहे हो. जगभरात लाखो लोक घेतात, त्यातल्या किती जणांचे डोळे गेले? आकडा सांगा की.

त्वचेचा_डॉक्टर :
सांगतो. २०१५ साली जगभरातल्या प्रसिद्ध झालेल्या केसेसचा आढावा आला, फिलरने (चरबीची इंजेक्शनं पण त्यात आली) नजर गेल्याच्या ९८, त्यात साधारण पाव केसेस नाकाच्या. २०१९ ला त्याच डॉक्टरांनी पुढचा आढावा घेतला, नवीन ४८ आणि त्यात निम्म्याहून जास्त नाकाच्या. म्हणजे दुर्मिळ आहे, मी नाही कुठे म्हणतोय, पण या फक्त ज्यांच्याबद्दल कुणीतरी लिहिलं तेवढ्याच, आणि नाकाचा वाटा वाढलेला दिसतो. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ओठ, गाल, हनुवटीला फिलर मंजूर केलेत, नाकाला नाही.

निमा_डोंबिवली :
बघा, सगळ्या जगातून ९८! आणि ऑपरेशनला काय धोका नसतो? पूर्ण भूल, हाड फोडायचं, दीड-दोन लाख, आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष जातं, अडीच महिन्यांत लग्न असणाऱ्या मुलीला ते सांगणार का तुम्ही? मंजुरीचं म्हणाल तर मंजूर यादीबाहेरची कितीतरी औषधं तुम्ही लोक रोज लिहून देता.

त्वचेचा_डॉक्टर :
मंजुरीचा मुद्दा मान्य, नुसत्या त्यावर मी नाही म्हणत नाही. पण लग्नासाठी नाकाला काहीतरी केलंच पाहिजे हे कुठून आलं?

अंजूकाकू :
कुठून म्हणजे? स्थळं बघताना बायोडेटात 'नाकीडोळी नीटस' वाचतच मुली मोठ्या होतात. आमच्या वेळी नकटीच्या लग्नाला सतराशे साठ विघ्नं म्हणून चिडवायचे, आता तेच फोनचा कॅमेरा करतो. पण मला विचाराल तर हे सगळं परदेशी फॅड आहे, आपल्याकडे असलं नव्हतं.

पेठकर_अजून_जागा :
काकू, आपल्याकडे नव्हतं म्हणू नका, नाकाचं प्लास्टिक सर्जरीचं काम जगाला पुण्याने दाखवलंय. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता, १७९२ च्या लढाईत टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक कापलं, आणि पुण्याजवळ एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक बसवून दिलं. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमधे ऑक्टोबर १७९४ ला चित्रासकट छापून आलं, ते वाचून तिकडचे सर्जन शिकले. आता इंजेक्शनचं म्हणाल तर ते मात्र तिकडचं खरं. १९०० च्या आसपास व्हिएन्नात गेर्सुनी नावाच्या सर्जनने पॅराफिन, म्हणजे एक प्रकारचं मेण, टोचायला सुरुवात केली, त्याचीही जाहिरात हीच, कापाकापी नाही. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने नाकाची रेषा सरळ करायला पॅराफिन भरून घेतलं आणि ते घसरत हनुवटीकडे उतरलं. निमाताई, आजचं जेल त्यापेक्षा शंभरपट बरं आहे, पण 'कापाकापी नाही' ऐकलं की माणूस पुढचं विचारत नाही, ते तेव्हापासूनचं आहे.

मंदार_ठाणे :
सगळे डॉक्टरांच्या हातचं बोलताय. आमच्या इथे पार्लरमधे पण मिळतं, शिवाय ऑनलाइन पेन मागवून घरी मारणारे आहेत, सुईशिवाय दाबाने जेल आत घुसवणारे, त्यावर तर एफडीएने २०२१ मधेच वापरू नका म्हणून इशारा दिलाय. हे आधी बंद करा.

निमा_डोंबिवली :
यावर मी डॉक्टरांच्या बाजूने. पार्लरवालीकडून टोचून घेणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

ऋतुजा_सातारा :
वाचून काल बहिणीबरोबर क्लिनिकला जाऊन आले. विचारलं, ते विरघळवायचं औषध आत्ता तुमच्याकडे आहे का आणि किती आहे? काउंटरवरची म्हणाली मागवून घेतो ना मॅडम, लागलं तर. इंजेक्शन कोण देणार तर 'सर येतात शनिवारी'. डोळ्याला काही झालं तर कुठे नेणार, त्यावर 'असं कधी झालं नाही' एवढंच. आणखी एक म्हणजे दाबाची नथ! फिलरनंतर निदान दोन आठवडे नाकावर दाब नको, चष्मा पण जपून वापरा असं तेच म्हणाले, आणि इकडे साखरपुडा, केळवणं, सगळीकडे नथ घालून फोटो. बहीण अजून ठाम आहे, फक्त क्लिनिक बदलू म्हणते.

निमा_डोंबिवली :
मग बरोबरच आहे ना. क्लिनिकला नाही म्हणा, फिलरला कशाला? औषध समोर दाखवणारा, अनुभवी माणूस शोधा.

त्वचेचा_डॉक्टर :
अनुभवी माणसाच्या हातूनही झालंय, आढाव्यातल्या केसेस काही सगळ्या पार्लरच्या नाहीत. मी तिला लग्नाला आहे तेच नाक घेऊन जा म्हणेन. नंतरही खुपलं तर प्लास्टिक सर्जनला दाखव.

निमा_डोंबिवली :
तुमचं नाक सरळ असणार, डॉक्टर.